आधी माझा लिही

मार्च आला की आमच्या लायब्ररीत सगळ्यांना वर्षाच्या कामाच्या अहवालाची धास्ती असायची. ग्रंथपाल पाटील मॅडम एकेकाला केबिनमध्ये बोलवायच्या, स्वतः उठून समोरच्या स्टुलावर बसायच्या आणि आपल्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणायच्या, "बस तिथे. तुझा अहवाल मी लिहिणारच आहे. आधी माझा तू लिही."

ज्या बाईच्या हातात आपली नोकरी, तिच्या उणिवा तिच्यासमोर बसून लिहायच्या! २००६च्या सुमाराची गोष्ट. मीरा रोडच्या त्या कॉलेजात मी सहायक होते आणि माझं प्रोबेशन संपत आलं होतं. नवऱ्याची कंपनी बंद पडलेली. मी कायम झाले नाही तर घर कशावर चालणार, या विचारानेच मी अर्धी झाले होते. त्यात ही नवी परीक्षा. मला तर वाटलं, माणसाला अडकवायचीच ही युक्ती.

मॅडम मूळच्या राई गावच्या. घरी खाडीकाठची बोली, पण कॉलेजच्या फाटकातून आत आल्या की तोंडातून गावाकडचा एक शब्द निसटेल तर शपथ. आवाज इतका हळू, की रागावल्या तरी पुढे झुकून ऐकावं लागायचं, आणि त्याचीच जास्त धडकी भरायची. शिपायाशी माझी बाचाबाची झाली तेव्हा त्याच्या अहवालात ते यावं म्हणून मी तक्रार घेऊन गेले, तर म्हणाल्या, "कालचं भांडण म्हणजे त्याचं वर्षभराचं काम नव्हे." अहवाल गोपनीय, तरी त्या ज्याचा त्याला वाचून दाखवायच्या. "तोंडावर सांगायची हिंमत नसेल तर कागदावर लिहू नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

माझ्या वेळी मी लिहिलं, 'मॅडम सर्व बाबतींत उत्तम.' त्यांनी वाचून कागद फाडला. मग तुझ्याबद्दलही मी असंच खोटं लिहू का, म्हणाल्या. मी दुसरा कागद ओढला. काय संचारलं कोण जाणे, मी खरं ते लिहून गेले: 'प्राचार्यांसमोर तुम्ही आमच्यासाठी कधीच बोलत नाही.' लिहिलं आणि वाटलं, बाई गं, काय करून बसलीस!

मॅडमनी ते दोनदा वाचलं. मग माझा अहवाल वाचला: कॅटलॉगचं काम चोख, मुलांना नियम सांगायला कचरते, सुधारणा हवी, कायम करावे. शेवटच्या दोन शब्दांनी जिवात जीव आला, पण त्या 'कचरते'चा रागही आला.

आठवड्याभरात प्राचार्यांनी आम्हा दोघींना बोलावलं. त्यांच्या ओळखीतल्या एका मुलीला माझी जागा हवी होती, हे सगळ्या स्टाफला ठाऊक होतं. ते गोड आवाजात म्हणाले, तुम्हीच लिहिलंय की ही कचरते; म्हणजे काउंटरला अयोग्य; तेवढी शेवटची ओळ बदला. पेन पुढे सरकवलं. निवृत्तीनंतरच्या तुमच्या मुदतवाढीचा कागदही माझ्याकडेच आलाय, असंही सांगून टाकलं. मॅडमकडे पाहिलं तर त्यांची नजर त्या पेनावर. संपलं, मी मनात म्हटलं.

"न्हाय, सर," त्या म्हणाल्या. "ती कचरते ते खरं हाय. काम चोख करते तेबी खरं हाय. दोन्ही राहील."

बाहेर येऊन त्या जिन्यातच मटकन बसल्या. त्यांना पाण्याचा ग्लास धरवेना, मीच तोंडाशी लावला. खूप भ्यायले गं, एवढंच म्हणाल्या.

अहवाल तसाच वर गेला आणि मी कायम झाले. मॅडमची मुदतवाढ आली नाही. त्यांच्या शेवटच्या दिवशी मी रडत रडत म्हटलं, माझ्यापायी तुमचं नुकसान झालं. त्या टेबलाचा खण आवरत होत्या. थांबून माझ्याकडे पाहिलं.

"तुझ्यासाठी नाही केलं मी. तुझं काम वाईट असतं, तर तुझ्या घरची अडचण माहीत असूनही 'कायम करू नये' असं लिहिलं असतं. आणि तेही तुला वाचून दाखवलं असतं."

त्यांनी खरंच लिहिलं असतं. आता दुसऱ्यांचे अहवाल मला लिहावे लागतात, आणि पेन उचलताना त्यांचं ते बोलणं आठवून अजून अंगावर काटा येतो.