उजव्या अंगठ्याचं नख

“माझ्या हातचं खाऊन अजून कुणी मेलं न्हाई,” असं विजयश्री एकदा म्हणाली होती. सगळ्या हसल्या, पण तिच्या डब्यात कुणी हात घातला नाही.

चाकणच्या एका कंपनीत ती गाड्यांच्या वायरी जोडायची. जेवणाच्या सुट्टीत बायका गोल करून बसत, डबे मध्ये, कुणाचाही हात कुणाच्याही डब्यात. नवरा जाऊन वर्षं लोटली होती, लेक सांगवीला नांदत होती. माणसांत बसून खायचा घास तो एवढाच.

मग उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख जाड झालं, पिवळं पडलं, कौलासारखं वर आलं. कंपनीत लागायच्या आधी ती मार्केटात कांदा निवडायची. सडक्या कांद्याची काळी बुरशी नखात शिरलीय, असा निवाडा गोलातल्या रुक्मिणीबाईंनी दिला. मलम झालं, गोळ्या झाल्या. नख तसंच. तिचा डबा गोलाबाहेर गेला. कुणी सरकवला नाही. जागाच कमी पडत गेली.

शेवटी लेकीने तिला पिंपरीच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी नखाचा तुकडा कापून उजेडात धरला. कडेला बारीक भोकं, मधाच्या पोळ्यासारखी. तपासणी झाल्यावर त्या म्हणाल्या, “बुरशी नव्हतीच कधी. नखाच्या मुळाशी साधी गाठ आहे. क्वचित कुणाला होते. दुसऱ्याला लागत नाही, जिवाला धोका नाही. काढून टाकू.”

दुसऱ्या दिवशी तिने भरली वांगी केली, सगळ्यांना पुरतील एवढी.

“बुरशी न्हाई म्हणली डॉक्टरीण,” ती बसता बसता म्हणाली. “गाठ हाय.”

हात थांबले.

“गाठ?” समोर बसलेल्या पूनमचा आवाज खाली आला. “कसली गं, ताई?”

“साधी. लागत न्हाई कुणाला.”

“माझ्या जावेलाबी साधीच म्हणले होते,” रुक्मिणीबाई म्हणाल्या, आणि पुढचं गिळून टाकलं.

मग सगळ्यांनी सरकून तिला मधोमध बसवलं. पूनमने शिरा वाढला, कुणी अंडं सोलून दिलं. “खा ताई, अंगात ताकद पाहिजे आता.” “ओव्हरटाइम नको घेऊस.” सगळ्यांचं बोलणं मऊ झालं होतं, दवाखान्यात भेटायला गेल्यावर होतं तसं.

तिने वांग्यांचा डबा पूनमपुढे सरकवला.

“राहू दे ताई, तूच खा पोटभर,” पूनम म्हणाली, आणि दोन बोटांनी डबा परत लोटला.

विजयश्रीने त्याला झाकण लावलं. उठली, आणि डबा घेऊन बाहेर निघून गेली.