डावीकडची खिडकी

चौसाळ्याच्या माळावर विमान उतरलं त्या पौषात उमाबाईंच्या दुकानात गूळ-मिठापेक्षा विमानाच्या गप्पाच जास्त खपत होत्या. हैदराबादेहून आलेला पायलट चौघांना विमानाच्या पोटात बसवायचा आणि शिवारावरून एक फेरी मारून आणायचा. बायकांमधून एकट्या उमाबाई तयार झाल्या.

"अव्वा, ह्या वयात कावून?" त्यांच्या लेकानं, वैजिनाथनं विचारलं.

"तुझ्या अप्पाला शोधायला."

वैजिनाथचे अप्पा, बसप्पा, प्लेगात गेले, तेव्हा सारं गाव रानात झोपड्या टाकून राहत होतं. उमाबाई तापानं बेशुद्ध होत्या. ज्यांनी खड्डा घेतला आणि लिंगायत रीतीप्रमाणे उगवतीला तोंड करून बसप्पांना त्यांच्याच रानात बसतं पुरलं, ती माणसंही पाठोपाठ गेली. जागा दाखवायला कुणी उरलं नाही. पुढं रान नांगरलं गेलं. उमाबाईंचं मागणं एवढंच होतं, मेल्यावर नवऱ्याशेजारी बसायचं. पण शेजार कुणाचा धरायचा, हेच ठाऊक नव्हतं.

युक्ती सुचली ती मचाणावर, पाखरं राखताना. घरामागचं धान्याचं जुनं पेव बुजवलेलं होतं, तिथली ज्वारी गर्द आणि उंच यायची. एकदा उकरलेली माती ओल धरून ठेवते. वरून पाहिलं की तिथं काळपट हिरवा गोल दिसायचा. पण मचाणावरून रान दिसून दिसणार किती?

आधी त्यांनी खाली उभं राहून फेऱ्या न्याहाळल्या. त्यांच्या रानावर आलं की विमान डावा पंख खाली टाकून वळायचं. उजवीकडच्यांना तेवढा वेळ नुसतं आभाळ.

"काकू, उजवीकडं बसा," फेरीला निघालेला शेजारचा बिभीषण म्हणाला. "तिकडनं डोंगर लई झकास दिसत्यात म्हनं."

"डोंगर तू बघ. पन आधी पाय थरथरायचे थांबव."

बिभीषण शिडीपर्यंत गेला आणि हसत हसत माघारी फिरला. त्याची जागा मोकळीच राहिली. उमाबाई डाव्या खिडकीशी बसल्या. उजव्या हाताला ती रिकामी जागा होती. जोडीनं कुठंही बसायचं तर बसप्पा त्याच बाजूला असत.

विमान उठलं. नदी, देऊळ, वेशीची चिंच मागं पडली. मग पंख कलला आणि सारं रान खिडकीत उभं राहिलं. तेवढ्यात उजवीकडून कुणी खांद्याला रेलल्यासारखं वजन आलं. उमाबाईंनी मान वळवली नाही. ज्वारीत तो गोल होता. आणि त्याला चिकटून, तेवढाच, दुसरा.

उतरल्यावर वैजिनाथला घेऊन त्या तडक रानात गेल्या. डोक्यावर ज्वारी, वाट दिसेना. तरी त्या नीट जाऊन थांबल्या. दोन्ही जागी त्यांनी एकेक धोंडा ठेवला.

"दुसरं एखादं पेव आसंल, अव्वा."

"ह्या रानात पेव कदी नव्हतं."

"मग तितं कोन हाय?"

"आजून कुनी न्हाई." त्यांनी उगवतीकडं तोंड केलं आणि डाव्या हाताकडचा धोंडा दाखवला. "हे माजं. ते उजवीकडं हायत."

उमाबाई वैशाखात गेल्या. रान मोकळं पडलं होतं, काळी माती दगड होऊन भेगाळली होती. दिवसभर खणावं लागणार म्हणून बिभीषणानं दोन कुदळी आणल्या. पण डावीकडच्या धोंड्याखाली पहिलाच घाव दांड्यापर्यंत आत गेला. माती भुसभुशीत निघत राहिली. ना खडा, ना मूळ. जणू कुणी आधीच खणून, भरून ठेवलं होतं.

तळाशी बेलाची पानं अंथरलेली होती.

"तूच टाकलीस का बे?" बिभीषणानं विचारलं.

वैजिनाथनं नाही म्हणून मान हलवली. वाकून एक पान उचललं. हिरवं होतं, देठ ओला.

त्यानं ते पान होतं तिथंच ठेवलं. अव्वाला त्यावरच बसवायचं होतं.