अनंत आणि झिंग्यांचा रस्सा

मुलगी पाहायला जाताना माणसानं तोंड बंद ठेवावं. मामानं चंद्रपूरहून निघालेल्या बसमध्ये मला तेवढं एकच बजावलं होतं, "अबे, विचारतील तेवढंच बोल. तुझं ते विज्ञान काढू नको."

पण मी पडलो कॉलेजात फिजिक्स शिकवणारा. आणि आरमोरीजवळच्या त्या गावात, मुलीच्या वडिलांनी, म्हणजे तलावात मासे धरणाऱ्या आणि थोडं धान पिकवणाऱ्या त्या गृहस्थांनी, पहिला प्रश्न काय विचारावा? पगार नाही, घर नाही, काही नाही.

"मास्तर, आभाळ कुठी संपते?"

मुलगी नुकतीच पाणी देऊन पडद्याआड गेली होती. मी पार घायाळ झालो होतो, उगाच खोटं कशाला बोलू? विश्वाला शेवट आहे की नाही हे अजून कुणालाच माहीत नाही, हे खरं उत्तर. तेवढं सांगून गप्प बसलो असतो तर काय बिघडलं असतं? पण पडदा हलत होता. मी छाती काढून म्हणालो, "संपतच नाही, काकाजी. अनंत आहे."

"आकडे संपत नाईत, हे मले पटते," ते म्हणाले. "ते मोजणाऱ्याच्या डोक्यात असतात. पण खरीखुरी वस्तू, अन् न संपणारी? नसते बाप्पा. तलाव केवढा बी असो, मे महिन्यात तळ दिसतेच."

"असते!" मी म्हणालो. काय तो तोरा माझा! मामानं मांडीला चिमटा काढला.

"हव का? मग जेवालेच बसा," काकाजी हसले.

आमच्याकडे पाहुण्यानं ताटावर आडवा हात धरल्याशिवाय वाढणारा थांबत नाही. काकाजींनी भाताचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, जवळ ओढला, झिंग्यांचा रस्सा शेजारी ठेवला आणि म्हणाले, "मी वाढत जातो. तुमी हात आडवा केला, का तुमचं अनंत सरलं."

गंमत नव्हती ती. आधीचा एक मुलगा याच घरातून परत गेला होता, आणि तो का, तर बोलला शब्द फिरवला म्हणून. मामानं बसमध्येच सांगितलं होतं. म्हणजे हात आडवा केला की मुलगी गेली.

सुरुवातीला मजा वाटली. तलावातले ताजे झिंगे, आंबट-तिखट रस्सा, भात असा मोकळा की विचारू नका. मग पँटचं बटण टोचू लागलं. मग श्वास लागला. मी खातोय, ते वाढताहेत, मामा देवाचं नाव घेतोय. तेवढ्यात मुलीच्या आईनं दारातून खूण केली. भात सरला!

मी मनातल्या मनात नाचलो. सुटलो! पण काकाजींचा चेहरा पडला. होणाऱ्या जावयासमोर गंज रिकामा? नाकच कापलं गेलं की! ते ताडकन उठले आणि कुंपणावरून ओरडले, "वहिनी, भात आहे का वं?"

वहिनीचा गंज आला. तिचा सरला तर तिनं पलीकडच्या घरी हाक मारली. तिथून पुढच्या घरी. अख्ख्या गल्लीत चुली पेटल्या. "पाहुणा अजून जेवूनच राह्यला काय?" कुणीतरी कौतुकानं विचारलं. दोन म्हाताऱ्या तर खास पाहायला येऊन बसल्या.

विश्वाचं सोडा, त्या गल्लीतला भात संपणार नाही हे मला लख्ख दिसलं. काकाजी इज्जतीपायी माझंच म्हणणं खरं करून दाखवत होते, आणि ते खोटं पाडायला निघालं होतं माझंच पोट.

"अति तिथं माती, लेका," मामा कानात म्हणाला. "धर हात आडवा."

"नाई धरत."

डोळ्यांत पाणी आलं. रस्सा तिखट होता, पण ते पाणी तिखटाचं नव्हतं. मला ती मुलगी हवी होती हो, आणि फुशारकीपायी मी तिला घालवून बसणार होतो. भातानं भरलेला पुढचा डाव ताटाकडे येत होता, आणि माझा डावा हात माझं न ऐकता वर उठू लागला.

पडदा सरकला. ती तरातरा आली, माझ्या शेजारी बसली आणि माझ्या ताटावर तिनं स्वतःचा हात आडवा धरला.

"पोरी, पाहुण्यानं धरायचा असते तो हात," काकाजी म्हणाले.

"धरला तं आहे," ती म्हणाली. "यांचा हात अन् माझा हात आता वेगळे आहेत काय, बाबा?"

डाव हवेतच राहिला. म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसू लागल्या. मामा मला विचारत होता, "पोरगी हो म्हणाली ना रे? सांग ना! हो म्हणाली ना?"

मला सांगता येईना. तोंडात भात होता.