दोन पट्ट्यांच्या मधे

जंक्शनचा फाटा मागे पडून अर्धा तास झाला होता. कुंडलिक पुढे चालत होता, खांद्याला शाळेच्या लॅपटॉपची पिशवी. मागून शाळेच्या पद्माबाई. इंदापूरहून येताना जीपमध्ये जागा होती, पण कुंडलिक म्हणाला, "मला हितंच सोडा, चालत येतो." त्याला एकट्याला कसं सोडायचं, म्हणून बाईही उतरल्या. पोरींना जीपनं कळंबला पाठवून दिलं.

उतरल्या खऱ्या, पण मनात राग मावत नव्हता.

"भाऊ, लोक टर उडवत होते आणि तुम्ही हात जोडताय! पोरी रडकुंडीला आल्या. तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही?"

कुंडलिकनं मागं वळूनही बघितलं नाही. तीस वर्षं बाईंनी वर्गावर काढली, पण असं पाठ दाखवून त्यांचं बोलणं कुणी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत मागून ट्रॅक्टर आला. हॉर्न वाजला तशा बाई कडेला झाल्या. कुंडलिक रस्त्याच्या मधोमध, आपल्याच नादात. पुन्हा हॉर्न, लांबलचक. ब्रेक करकचून लागले. बाईंनी पळत जाऊन त्याचा दंड धरला आणि जीव खाऊन ओढला.

"ओ पाव्हणं, रस्ता सासऱ्यानं आंदण दिलाय का तुमाला?" ड्रायव्हर वरून ओरडला.

कुंडलिक त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. ओठ हलायचे थांबल्यावर हसून म्हणाला, "व्हय व्हय, चालू द्या."

ट्रॅक्टर गेला. बाई "मारुतिराया" म्हणत खाली टेकल्या. हे "व्हय व्हय" त्या वर्षभर ऐकत होत्या. चहा घेणार का म्हटलं तरी व्हय व्हय, वहिनींचा ताप उतरला का विचारलं तरी व्हय व्हय. बाई उठल्या, त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि अजिबात आवाज न काढता नुसते ओठ हलवले, "भाऊ, तुम्हाला ऐकू येत नाही?"

कुंडलिक खाली मातीकडं बघत म्हणाला, "व्हय."

कळंबच्या मारुतीच्या देवळात त्याचे वडील आप्पासाहेब एकादशीचं भजन चालवायचे. अभंग सगळ्या जगाचे, पण चाली त्यांच्या स्वतःच्या होत्या, आणि कागदावर एकही नव्हती. कुंडलिक त्यांच्या मांडीशी बसून पेटी शिकला. आयटीआय करून बारामती एमआयडीसीत प्रेस शॉपला लागला आणि चौदा वर्षं पत्र्यावर घण पडताना ऐकत राहिला. सुरुवातीला कानात कापसाचे बोळे घालायचा. पुढं तेवढीही गरज वाटेना. तेव्हाच खरं तर समजायला पाहिजे होतं.

कारखान्यात दरवर्षी कान तपासायचे. हेडफोन घालायचा, आवाज आला की बोट वर करायचं. कुंडलिक बटण दाबणाऱ्या माणसाच्या कोपराकडं बघायचा. कोपर हललं की बोट वर. दरवर्षी पास. बहिरा म्हणून कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी प्रेसवरून काढलं असतं.

आप्पासाहेब गेले आणि चाली राहिल्या त्या कुंडलिकच्या एकट्याच्या डोक्यात. त्या लिहून ठेवायच्या म्हणून त्यानं एक फुकटचं सॉफ्टवेअर शोधलं, जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेलं. त्यात सूर लिहिले की ते वाजूनही दाखवतं. पण लिहायचं ते विलायती पद्धतीच्या पाच रेघांवर. कुंडलिकनं त्याचा मूळ कोड उघडला आणि रेघांच्या खाली आपलं सारेगम उमटेल असा बदल केला. असा बदल केला की मग तयार डबा चालत नाही, सगळं मुळापासून बांधावं लागतं. बाई शाळेत पोरींना सांगायच्या, तयार पीठ आणणं वेगळं आणि गहू निवडून दळून आणणं वेगळं. त्यातून प्रत्येक गिरणी निराळी. त्याच्या घरच्या जुन्या मशीनवर लिनक्स, शाळेच्या लॅपटॉपवर विंडोज, बारामतीच्या ज्या तबला क्लासला चाली हव्या होत्या तिथं मॅक. मॅकवर तर तीन रविवार गेले. कुठला तरी एक तुकडा सापडत नाही म्हणून पडदाभर लाल अक्षरं यायची. हा माणूस न कंटाळता एकेक ओळ वाचायचा आणि पुन्हा पहिल्यापासून दळायला घ्यायचा.

बाईंना त्याचं फार कौतुक. आज सकाळी निघताना त्यांनी लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं होतं.

इंदापुरात शाळांची भजनस्पर्धा होती. शाळेची पेटी दुरुस्तीला गेलेली, म्हणून पोरींनी महिनाभर लॅपटॉपच्या आवाजावर आप्पासाहेबांची चाल बसवली. स्पर्धेत आयोजकांची पेटी मिळाली. पोरींतली संस्कृती पेटीवर बसली, शेजारी लॅपटॉप लावला आणि दोन्ही एकदम सुरू झालं. पहिल्याच ओळीला सभागृह कण्हलं. संस्कृतीनं पट्टी बदलली, पुन्हा बदलली, पण सूर काही मिळेना. पोरी थांबल्या. लॅपटॉप वाजतच राहिला आणि त्याच्या शेजारी कुंडलिक डोळे मिटून मांडीवर ठेका धरून बसलेला, चेहरा थेट आप्पासाहेबांचा. बाईंनी झाकण लावलं तेव्हा त्यानं डोळे उघडले. मागच्या रांगेत टवाळीच्या टाळ्या पडत होत्या. त्या बघून त्यानं हात जोडले.

आता रस्त्यावर तो बाईंकडं तोंड करून उलटा चालू लागला. असं चालला की त्याला ओठ दिसायचे.

"बाई, लॅपटॉपचा सूर वर गेला व्हता का खाली?"

"वर."

"किती?"

"तुमची चाल काळी एकची ना? पोरीनं पांढरी दोन धरली तर पेटी खाली राहत होती. काळी दोन धरली तर वर जात होती."

"मधीच?"

"मधेच."

तो थांबला. ओठांनी पुटपुटत हिशेब केला. "चव्वेचाळीस हजार शंभर," तो म्हणाला. "सेकंदाला आवाजाचं एवढं तुकडं पडत्यात. शाळेचा लॅपटॉप अठ्ठेचाळीस हजारानं वाजवतोय. म्हंजी टेपचा पट्टा जोरात फिरावा तसं झालं, सूर वर चढला. माज्या मशीनवर बरोबर व्हतं." मग पिशवीवर हात ठेवून, "एका ओळीचं काम हाय, बाई. बसल्या जागी करतो."

"पण भाऊ, बांधून झाल्यावर तुम्ही वाजवून बघितलं होतं ना? मी होते की तिथं."

कुंडलिकनं उजव्या हाताचं बोट पुढं केलं. "स्पीकरवर ठिवलं व्हतं. थरथरलं. म्हनलं, आवाज आला."

 तो आवाज बाईंनीही महिनाभर ऐकला होता. थोडा वर आहे हे त्यांच्या कानांना कळलं होतं. पण पोरींचे गळे कोवळे, म्हणून भाऊंनी मुद्दाम चढवला असेल असं त्यांनीच ठरवून टाकलं. एकदा विचारायचं, तेवढं केलं नाही. देवानं दिलेले कान शाबूत असून त्यांचा काय उपयोग झाला, हे त्या स्वतःला विचारत होत्या.

कालव्याचा पूल आला. कुंडलिक कठड्यावर टेकला.

"शाळेचं नीट व्हईल," तो म्हणाला. "पन लिवलेल्या एकेचाळीस चाली हायत्या. त्यातल्या गेल्या वर्सभरात लिवलेल्या समद्या अशाच, बोट ठिवून. डोस्क्यात आप्पा गात्यात ते मला ऐकू येतं. पन ते आप्पाच हायत का मीच बनवतोय, कसं कळावं? चुकीचं लिवलं आसंल तर ते छापून ऱ्हाईल. पोरी तेच म्हणतील, त्यांच्या पोरी तेच म्हणतील. त्यापरीस आप्पांसंगं गेलं आसतं ते बरं."

बाईंनी त्याला दिसेल असं तोंड धरलं. "तसं काही नसेल, भाऊ."

"तुमाला कसं म्हाईत?"

बाई त्याच्याशेजारी कठड्यावर टेकल्या.

"झुंबरआबा हायेत अजून," कुंडलिक म्हणाला. झुंबरआबांनी आप्पासाहेबांच्या शेजारी चाळीस वर्षं टाळ धरला होता. आता ते अंथरुणाला खिळले होते, पण कान खणखणीत. "वरीस झालं, त्यांच्या दाराशी गेलो न्हाय. आबा म्हणणार, म्हण एखादा अभंग. मग काय करू?"

पिशवी त्यानं बाईंच्या हातात दिली.

"लॅपटॉप तुमी न्या. आबांकडं जाताना माजं जुनं मशीन न्या, त्याचा सूर खरा हाय. येकेक चाल लावा. आबांनी मान डोलवली ती ठिवा. न्हाय डोलवली ती पुसून टाका, तिन्ही मशीनवरनं. आन मला इचारू नका, बाई. इचारलं तर मी समद्याच ठिवा म्हणीन."