बिनकवळीचं उत्तर

माझे सासरे किल्ल्या करतात. बाजाराच्या कोपऱ्यावर दोन मोठ्या दुकानांच्या फटीत त्यांचं दुकान आहे. आत एक माणूस, एक कानस आणि एक पंखा एवढंच मावतं. हरवलेल्या किल्लीवरून नवराबायको भांडत आले की सासरे फक्त कुलपाकडे बघतात, बाजू कुणाचीच घेत नाहीत. दुकानात इतका समजूतदार असलेला माणूस एका बाबतीत मात्र कमालीचा हट्टी आहे, आणि ती बाब म्हणजे क्लॅरिनेट. शहराच्या बँडमध्ये ते तरुणपणापासून वाजवतात. तिथे सगळे त्यांना किल्लीकाका म्हणतात.

त्या वर्षी दोन गोष्टी एकदमच अंगावर आल्या. परदेशातल्या एक नावाजलेल्या क्लॅरिनेटवादक बाई आमच्याकडे कार्यक्रम करणार आणि शेवटची रचना आमच्या बँडबरोबर वाजवणार, असं ठरलं. त्या रचनेत दोन क्लॅरिनेट होते. एक विचारणार, दुसरा उत्तर देणार. उत्तराची बाजू सासऱ्यांकडे आली. आणि त्याच महिन्यात डॉक्टरांनी त्यांचे वरचे उरलेसुरले दात काढून टाकले.

हे वाद्य धरताना वरचे दात त्याच्या टोकावर टेकवावे लागतात, सगळी भिस्त त्यांच्यावरच. नवी कवळी दिसायला झकास होती, पण जोरात फुंकलं की जागची हलायची. चिकटवायची पावडर झाली, डॉक्टरांकडे खेपा झाल्या. उंच सूर आला की क्लॅरिनेट चिरकायचा आणि शेजारचं कुत्रं साथ द्यायचं. सासूबाई मात्र त्या कवळीवर खूश होत्या. तुम्ही चांगले रुबाबदार दिसता, असं त्यांनी नवऱ्याला तोंडावर सांगितलं. मी त्या घरात आल्यापासून हे पहिल्यांदाच ऐकत होते.

मग एका संध्याकाळी बँडमास्तर घरी आले. माणूस चांगला, पण अवघड बोलणं टाळण्यासाठी तो आधी हवापाण्यावर फार वेळ घालवतो. शेवटी म्हणाले, यावेळी आपल्या बँडमधल्या पोस्टमनला वाजवू द्या, काका. तुम्ही पहिल्या रांगेत मानानं बसा.

"मानानं बसायला मी लग्नाला येत नाहीये," सासरे म्हणाले.

शनिवारच्या तालमीत जमलं तर ठीक, नाहीतर पोस्टमन, असं ठरवून मास्तर निघून गेले. पोस्टमनचा काही दोष नव्हता. तो बरा वाजवायचा. तरी पुढचे दोन-तीन दिवस त्याच्या हातून पत्रं घेताना मी त्याच्याशी धड बोलले नाही.

एके दुपारी डबा घेऊन दुकानाजवळ पोचले तर आतून वेगळाच आवाज येत होता. खालचा, जरा घोगरा, पण कुठेही न थरथरणारा. सासरे दोन्ही ओठ हिरड्यांवर दुमडून वाजवत होते. कवळी किल्ल्यांच्या डब्यात पडली होती. मला बघून ते आधी दचकले, मग म्हणाले की वरचे सूर निघत नाहीत, पण खाली सगळं येतं. मी म्हटलं, मग असंच वाजवा. त्यांनी मान हलवली. सासूबाईंनी बजावलं होतं: बोळकं घेऊन स्टेजवर गेलात तर मी येणार नाही. लोक तुम्हाला हसतील आणि मला ते बघवणार नाही. सासऱ्यांनी त्यांना तसा शब्द दिला होता.

मला सासूबाईंचा राग आला. पण त्यांच्या बोलण्यातली भीती खरी होती, हेही मला कळत होतं.

शनिवारी मी मुद्दाम तालमीला गेले. पाहुण्या बाई उंच, पांढऱ्या केसांच्या, पायात पळायचे बूट. त्यांनी प्रश्न वाजवला. सासऱ्यांनी कवळी घालून उत्तर सुरू केलं, आणि नेमक्या उंच सुराला कवळी सटकली. खट्कन आवाज झाला, मग एक लांबलचक किंचाळी. ढोलवाला खो-खो हसला. पोस्टमनने मान खाली घातली. मास्तरांनी हातातली काठी ठेवून दिली आणि म्हणाले, "काका..."

सासऱ्यांनी कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि समोरच्या स्टँडवर ठेवली.

"पुन्हा घ्या," ते म्हणाले. "मी एक सप्तक खाली वाजवतो."

"उत्तर वर लिहिलंय, काका."

"प्रश्न वरून विचारला म्हणून उत्तरही ओरडूनच द्यायचं का?"

पाहुण्या बाईंनी काय चाललंय ते विचारलं. सासऱ्यांनी सरळ बाईंसमोर जाऊन तोंड उघडलं. बाईंनी वाकून नीट आत पाहिलं, मान डोलावली आणि प्रश्न पुन्हा वाजवला. उत्तर खालून आलं, सावकाश, कुणाचीही भीड न ठेवता. ढोलवाला आता हसत नव्हता. मला रडू आलं, आणि इतके दिवस या माणसाला आम्ही सगळे पावडरी आणून देत होतो याची चीडही आली. मास्तरांनी पेन्सिल काढली आणि कागदावर खूण केली. खालीच.

घरी बातमी आमच्याआधी पोचली होती. सासूबाई पोळ्या लाटत होत्या, त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"मी येणार नाही," त्या म्हणाल्या.

"नको येऊस. तुला दिलेला शब्द मी मोडतोय, ते मला माहीत आहे. बोलताना, जेवताना, फोटोत, म्हणशील तिथे कवळी घालीन. वाजवताना नाही. दात गेलेत माझे, फुंकर नाही गेली."

कार्यक्रमाच्या दिवशी त्यांनी स्वतःच शर्टाला इस्त्री केली. वरून बँडचा नवा कोट. शेजारची खुर्ची रिकामी ठेवून मी पहिल्या रांगेत बसले. शेवटच्या रचनेआधी दिवे मंद होत होते, तेवढ्यात सासूबाई आल्या. ठेवणीतले कपडे, मांडीवर पर्स, चेहरा घट्ट.

सासरे उठून पुढे आले. सगळ्यांसमोर त्यांनी कवळी काढली, आणि मग त्यांचा हात कोट चाचपू लागला. नव्या कोटाला खिसेच नव्हते, स्टँड मागे खुर्चीपाशी राहिला होता. रुमाल घरी इस्त्रीच्या टेबलावर राहिला होता. एका हातात क्लॅरिनेट, दुसऱ्यात कवळी, असे ते भर उजेडात उभे राहिले. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

सासूबाई उठल्या. आधी त्यांनी मागे वळून त्या हसणाऱ्याकडे पाहिलं, तो गप्प होईपर्यंत पाहिलं. मग स्टेजच्या कडेशी जाऊन तळहात पुढे केला.

"द्या इकडे," त्या म्हणाल्या. "आणि नीट वाजवा."

सासरे वाकले. सासूबाई परत येऊन बसल्या. मी त्यांच्यासाठी पर्स उघडून धरली. त्यांनी ती कोपराने बाजूला सारली आणि उत्तर संपेपर्यंत कवळी मुठीत धरून ताठ बसून राहिल्या.