शांघायचा तांबडा रस्सा

शाळा दोनच बुकं झालेली, तरी हे मीच लिहितोय. दुसऱ्यानं लिहिलेलं मला पटत न्हाय.

बेळगावच्या कँपात एका गोऱ्या साहेबाच्या घरकामाला होतो. त्याच्याबरोबर बोटीनं चीनमधल्या शांघायला गेलतो. येळ्ळूरहून निघताना आप्पानं, म्हणजे माझ्या बापानं, हातात देवाचा भंडारा देऊन शपथ घातली. "काय बी खा, पण गाईला तोंड लावू नको. परत आल्यावर भंडारा उचलून सांगायचं." बहिणीची सोयरीक ठरत आलेली. मी बाटलो तर तिचं लगीन मोडणार, एवढं मला कळत होतं.

वर्षभर हातानं डाळभात शिजवून खाल्ला. मग साहेबाची बदली झाली. जायच्या आधी त्यानं मला आणि माझ्यासारख्याच बरोबर आणलेल्या शहापूरच्या घोडेवाल्याला दुपारी एका रशियन हॉटेलात जेवायला बसवलं. साहेब आणि मडम पलीकडच्या टेबलावर. नको म्हणायची सोय न्हवती.

पहिल्यांदा खोल ताटलीत लालभडक रस्सा आला. रंग बघूनच वाटलं, हा तर आपला तांबडा रस्सा! तांबडा म्हणजे बकऱ्याचाच. ताटली उचलून घटाघटा प्यालो. तिखट न्हवताच, आंबटगोड लागला. तळाला हाड होतं. बकऱ्याचं हाड एवढं जाड नसतं.

"अण्णा, हे कशाचं गा?"

घोडेवाला हाड चोखत म्हणाला, "आता इचारतोस व्हय? वरपताना सुचलं न्हाय!"

पाठोपाठ मांसाच्या तुकड्यांची ताटली आली. पंगतीत धरतात तसा मी वर हात आडवा धरला. दाढीवाल्या रशियन वाढप्याला वाटलं, गार झालंय. त्यानं ती नेली आणि वाफाळलेली, दुप्पट भरून आणली. शेवटी डोक्यावर दोन बोटांची शिंगं करून ताटलीकडं बोट दाखवलं. त्यानं खुशीत मान डोलावली.

"अण्णा, मेलो मी."

"गप रं. शिंगं शेळीला बी असत्यात की!"

त्या एका बोलण्यावर परतीच्या बोटीतले सगळे दिवस काढले. झोप लागली की शिंगं दिसायची.

घरी पोचलो तर आप्पा उंबऱ्यावरच भंडारा घेऊन उभा. मागं बहीण, पाण्याचा तांब्या घेऊन. मी भंडारा उचलला. "गाईला तोंड लावलं न्हाय." आवाज नीट निघाला, पण हात असा कापला की भंडारा उंबऱ्यावर सांडला. आप्पानं माझ्या कपाळाला हात लावला.

"ताप हाय ह्याला. आत घ्या."

लगीन झालं, बहीण सुखानं नांदली. घरात तांबडा रस्सा केला की मी अजून ताटावर हात आडवा धरतो. म्हाताऱ्याला तिखट सोसत न्हाय म्हणून नातवंडं हसतात. हसू देत.