झाकणाच्या आतली दाढ

टोंगकाकांनी बनवलेले दात हाँगकाँगच्या अर्ध्या शाम शुई पो वस्तीच्या तोंडात आहेत. भाजीवाली हसली की काका तिच्याकडे न बघता तिच्या दातांकडे बघायचे आणि पुटपुटायचे, "वरचा डावा जरा पांढरा झालाय." पूर्ण नाव क्वान शू-टोंग. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या आणि टोप्या पुरवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात त्यांचं आयुष्य गेलं. लग्न केलं नाही. राहायला एक खोली, त्यात खाटेपेक्षा मोठं टेबल, टेबलावर भिंग, चिमटे, आणि कारखान्यातून निकामी म्हणून आणलेलं दात कोरायचं यंत्र. त्या यंत्राने ते घड्याळं सुधारायचे.

घड्याळं म्हणजे नकली घड्याळं. सीमेपलीकडून, ग्वांगजौहून येतात ती. लांबून रोलेक्स, जवळून रोलेक्सचा गरीब चुलतभाऊ. आमचा एक कंपू आहे, त्याला हाच नाद. मी लिफ्टच्या देखभालीत इंजिनीअर, जाड्या, ज्याचं नावच लोक, तो मिनीबस चालवतो, बाकीचे असेच कुणीकुणी. आयतं मिळालेलं नकली घड्याळ आम्ही आहे तसं ठेवत नाही. पट्टा धरणारे कान जाड असतात, ते घासून बारीक करायचे. तारखेवरचं भिंग खोटं वाटतं, ते काढून खरं मिळवून बसवायचं. कडेच्या चकतीवरचा ठिपका फार कोरा चकाकतो, तो काढून चहात उकळून पिवळा करायचा. करता करता ते घड्याळ खऱ्याच्या इतकं जवळ जातं की पोटात गुदगुल्या होतात. ते विकून पैसे करायचे नसतात. नियमच आहे आमचा: खोटं ते खोटं म्हणूनच द्यायचं. आणि दुसरा नियम, दुसऱ्याच्या घड्याळाचं झाकण मालक समोर बसला असेल तरच उघडायचं. एकदा एकट्याने उघडलं की आत आधी काय होतं याला साक्षीदार उरत नाही.

काकांचं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे दादाच्या पाणभुताचं जुळं. पाणबुड्यांसाठी बनवलेल्या त्या काळ्या रोलेक्सला आमच्याकडे सगळे पाणभूतच म्हणतात. काकांचे थोरले भाऊ शू-विंग यांचं शंग वानला सुक्या मासळीचं दुकान होतं. धंदा जोरात असताना त्यांनी खरं पाणभूत घेतलं. काकांनी ते समोर ठेवून, मापं घेत घेत, त्याचं जुळं तयार केलं. शिंपल्यांची पेटी उचलताना खऱ्याच्या कडेला एक खोक पडली होती, तीसुद्धा तशीच्या तशी कोरली. मग दादाच्या घरी जेवताना दोन्ही घड्याळं ताटाशेजारी ठेवून काका म्हणाले, "ओळखा."

वहिनीने, लाय-कुएनने, चुकीचं उचललं. पुतणी हेई-माननेही चुकीचंच उचललं. शू-विंग पोट धरून हसले. म्हणाले, "टोंग, तू दात सोड आणि नोटा छापायला लाग."

पुढे त्यांनी ते जुळं मागून घेतलं. "दुकानात खाऱ्या पाण्यात हात असतात. खरं घालायला जीव होत नाही. तुझं दे रोजच्याला." काकांनी आनंदाने दिलं. काही महिन्यांनी दादा एकटेच काकांच्या खोलीवर आले आणि म्हणाले, "अरे, ते तुझं पोर बुडालं. फेरीबोटीच्या कठड्यावरून पाण्यात पडलं. घरी बोलू नकोस, तुझी वहिनी मला वेंधळा म्हणेल." काका आम्हाला सांगताना म्हणाले होते, "पाणभूतच ते, पाण्यात गेलं."

गेल्या वर्षी शू-विंग दुकानात गोणी उचलता उचलता कोसळले आणि उठले नाहीत. दहन झालं. अस्थी ठेवायला जागा नव्हती. कलश ठेवायचे सरकारी कोनाडे सोडतीने मिळतात, त्यात नाव येईना, म्हणून कलश हंग होममधल्या अंत्यविधीच्या सामानाच्या दुकानात, मागच्या फडताळावर, इतरांच्या कलशांच्या रांगेत भाड्याने ठेवला होता. तुएन मुनच्या बाजूला एका मठात कोनाडा मिळत होता, पण विकत. तेव्हा लाय-कुएनने काकांना घरी बोलावलं आणि पाणभूत त्यांच्या हातात ठेवलं.

"भाऊजी, हे विकून द्या. तुम्हाला कुणी फसवू शकणार नाही."

"वहिनी, दादा म्हणायचा हे हेई-मानला द्यायचं."

"हेई-मानचे बाबा फडताळावर पडलेत, दुकानातल्या सुक्या माशांसारखे. आधी त्यांना जागा मिळू दे."

काकांनी घड्याळ रुमालात गुंडाळून घरी आणलं. विकण्याआधी जरा पुसावं, आतून तेल द्यावं, साफ घड्याळाला भाव बरा येतो, एवढंच मनात होतं. मालक समोर नव्हता. मालक फडताळावर होता. आणि दादाच्या घड्याळाला कसला आलाय नियम? सुट्टीच्या दिवशी, दुपारच्या उजेडात, टेबलाशी बसून त्यांनी झाकण फिरवलं.

झाकणाच्या आतल्या बाजूला एक दाढ कोरलेली होती. मोहरीएवढी, दोन मुळांची. काका आपल्या प्रत्येक कामात कोरायचे ती.

"पहिल्यांदा काय वाटलं सांगू?" त्यांनी नंतर मला सांगितलं. "लाज वाटते, पण आनंद झाला. बाहेरून मलासुद्धा ओळखू आलं नव्हतं रे. मग झाकण घट्ट लावून परत रुमालात गुंडाळलं."

पुढच्या रविवारी सकाळी, आमचा कंपू जमतो त्या चहाघरात त्यांनी रुमाल उघडून सगळं आमच्यापुढे मांडलं. जाड्या लोक कोंबडीचा पाय चोखत होता, तो त्याने खाली ठेवला.

"म्हणजे खरं तुझ्या भावाने विकलं," तो म्हणाला. "आणि बुडालेलं म्हणून जे सांगितलं, ते मनगटावर घालून फिरला."

"तसंच दिसतंय."

"आणि हे तू एकट्याने उघडलंस?"

काका रुमालाचं टोक सरळ करू लागले.

"टोंग, गाढवा! निदान मला फोन करायचास. वहिनीच्या टेबलावर उघडायचंस. आता काय सांगशील तिला? अख्ख्या हाँगकाँगमध्ये याची हुबेहूब नक्कल करणारा माणूस एकच, आणि घड्याळ त्याच्याच घरून खोटं होऊन परत येतंय."

"माझी वहिनी आहे ती. लग्न होऊन आली तेव्हापासून ओळखते मला."

"म्हणूनच म्हणतो," लोक म्हणाला.

मी किटलीचं झाकण तिरकं केलं. पोऱ्याने गरम पाणी ओतलं. काकांनी सवयीने टेबलावर दोन बोटं आपटून त्याचे आभार मानले, पण कप उचलला नाही.

वहिनीच्या घरी ते एकटेच गेले. तिथे काय झालं ते त्यांनी मला शब्दन् शब्द सांगितलं, आणि तेही एकदाच. हेई-मान विमा कंपनीत आहे. लोकांचे दावे खरे की खोटे ते तपासणं हे तिचं काम. तिने झाकण हातात घेऊन दाढ बघितली, मोबाईलच्या उजेडात पुन्हा बघितली.

"ही तुमचीच खूण ना, काका?"

"माझीच."

"म्हणजे हे तुम्ही बनवलेलं."

"मीच. पण हे दादाकडे होतं. त्याने मागून नेलं होतं, दुकानात घालायला. नंतर म्हणाला, बोटीवरून पाण्यात पडलं."

"आई, बाबांनी तुला असं काही सांगितलं होतं?"

लाय-कुएनने मान हलवली.

"घरी बोलू नकोस म्हणाला होता," काका म्हणाले.

"तुम्ही झाकण उघडलं तेव्हा सोबत कोण होतं?"

"कोणी नाही."

"काका, ऑफिसात असा दावा माझ्या टेबलावर आला असता तर मी काय लिहिलं असतं?" तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्हीच सांगा ना."

तेवढ्यात लाय-कुएन उठून उभी राहिली. "तुम्हाला पैसे हवे होते तर मागायचे होते, भाऊजी. मी नाही म्हटलं असतं का? पण मेलेल्या माणसावर ढकलता? तो काय उठून उत्तर देणार आहे? सख्ख्या भावाला चोर म्हणता, तेही त्याच्या फोटोसमोर?"

भिंतीवर शू-विंगचा फोटो होता. त्याच्यापुढे संत्री आणि उदबत्ती. काका म्हणाले, "मी चोर नाही म्हणालो." ते निघाले तेव्हा हेई-मानने दार उघडून धरलं. लिफ्ट येईपर्यंत नेहमी बाहेर थांबायची, त्या दिवशी थांबली नाही.

लोक स्वस्थ बसणारा नव्हता. घड्याळ विकायचं म्हणून वहिनीने काकांना मूळ डबा आणि कार्डसुद्धा दिलं होतं. कार्डावर खऱ्या पाणभुताचा नंबर होता. तो घेऊन लोक मोंगकोकमधल्या जुन्या घड्याळांच्या व्यापाऱ्यांकडे फिरला. कुणी हाकललं, कुणी हसलं. शेवटी एक जण भेटला ज्याला घड्याळ आठवत होतं, कडेच्या त्या खोकेमुळे. विकायला आलेला माणूसही आठवत होता, कारण जाताना तो सुक्या शिंपल्यांची पुडी ठेवून गेला होता. लोकने शू-विंगचा फोटो दाखवला. "हाच," व्यापारी म्हणाला. विकणारा घाईत होता, भाव न करता पैसे घेऊन गेला. कशाला हवे होते ते बोलला नाही. व्यापारी घरी येऊन हे सांगायलाही तयार होता.

लोकला वाटलं होतं हे ऐकून काका रडतील. रविवारी चहाघरात त्याने मुद्दाम मुळ्याच्या वड्या मागवल्या, काकांना आवडतात म्हणून.

"संध्याकाळीच जाऊ," तो म्हणाला. "त्या पोरीला तिच्याच भाषेत दाखवू. हा घे साक्षीदार, हा घे पुरावा. काय लिहायचं ते लिही आता."

काकांनी वडी काड्यांनी, चिमट्याने उचलावी तशी अलगद उचलली आणि परत बशीत ठेवली.

"त्याला नको आणूस," ते म्हणाले.

"काय?"

"पैसे कुठे गेले विचारलं तर काय सांगणार तो व्यापारी?"

"त्याला काय माहीत? दुकानाचं भाडं थकलं असेल, घोड्यांवर गेले असतील, मकावला जुगारात गेले असतील..."

"हेच. किंवा एखाद्या बाईवर गेले असतील. वहिनी रोज एकेक धरून बघेल. फोटोला विचारेल. फोटो बोलत नाही." काका थांबले. "आत्ता तिचं तसं बरं चाललंय, लोक. नवरा साधा होता, दीर चोर निघाला. हे पचतं माणसाला. उलटं नाही पचत."

"आणि तू?"

"माझ्या घरात कोण आहे मला चोर म्हणायला?"

लोकने टेबलावर एवढ्या जोरात हात आपटला की शेजारच्या टेबलावरची म्हातारी वळून म्हणाली, "ए जाड्या, बशा फोडशील." तो उठून निघून गेला. बिल मी दिलं.

मी काकांना समजावून पाहिलं. म्हटलं, निदान हेई-मानला एकटीला सांगा, ती डोक्याने विचार करणारी आहे. काका म्हणाले, "तिलाच तर सांगायचं नाहीये. ती शोधून काढेल."

काकांनी साठवलेलं सगळं बँकेतून काढलं. ते आपल्या म्हातारपणासाठी ठेवत होते, कारण त्यांना बघणारं कोणी नव्हतं. वहिनीच्या घरी जाऊन पाकीट फोटोसमोर, संत्र्यांशेजारी ठेवलं, आणि म्हणाले, "वहिनी, मीच बदललं. खरं मी विकून टाकलं. हे त्याचे पैसे. दादाला जागा घ्या."

मला वाटलं होतं ती ओरडली असेल. ओरडली नाही म्हणाले. उलट तिचा चेहरा सैल झाला, बरेच दिवस दुखणारी दाढ निघाल्यावर पेशंटचा होतो तसा. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मला माहीतच होतं. ह्यांचं बाकी काहीही असेल, पण माझ्याशी कधी खोटं बोलले नाहीत."

"नाही," काका म्हणाले. "दादा नाही बोलायचा."

हेई-मान स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने विचारलं, "मग त्या दिवशी बाबांचं नाव का घेतलंत?"

"घाबरलो होतो."

तिने नकली पाणभूत आणून त्यांच्या हातात दिलं. "हे न्या. आणि आता येऊ नका, काका. आईला त्रास होतो."

तुएन मुनच्या मठातला कोनाडा घेतला गेला. चांगला दिवस बघून कलश तिथे हलवला. काकांना बोलावणं नव्हतं. त्या दिवशी ते कारखान्यात होते, कुणाच्या तरी वरच्या चार दातांचा पूल घासत होते.

काका अजून रविवारी येतात. लोक त्यांच्याशी पूर्वीसारखं बोलत नाही, पण चहा पहिल्यांदा त्यांनाच ओततो. घड्याळं आम्हीच दाखवतो. ते भिंग न लावता बघतात आणि "चांगलं झालंय" म्हणतात. टेबलावरचं दात कोरायचं यंत्र त्यांनी विकून टाकलं.

मठात ते कामाच्या दिवशी, रजा काढून जातात, जेव्हा वहिनी आणि हेई-मान येत नाहीत. एकदा मी सोबत गेलो होतो. शू-विंगच्या कोनाड्यापुढे वहिनीने ठेवलेली संत्री होती, एक जरा सुकलेली. काकांनी ती हलवली नाहीत. सोबत आणलेली फळं पिशवीतच ठेवली. एक उदबत्ती लावली, तीन वेळा वाकले, आणि ती अर्धी जळेपर्यंत हात मागे बांधून उभे राहिले. मग चिमटीत धरून विझवली. खाली पडलेली राख बोटाने टिपून रुमालात घेतली, काडी खिशात घातली.

"पुरी जळू द्या की," मी म्हणालो.

"नको. काडी राहिली की त्यांना कळेल कोणी येऊन गेलं ते."

बसला गर्दी नव्हती. आम्ही दोघेही बसून आलो.